डाव्या हाताचा उन्हाळा

चेंडू माझ्याकडे होता आणि डावीकडची वाट सताड मोकळी होती. बास्केटबॉलच्या सामन्याची शेवटची काही सेकंदं उरली होती, आम्ही एका गुणाने मागे होतो. मी धावले, दोन पावलं टाकली आणि ऐन वेळी चेंडू डाव्या हातातून उजव्यात घेतला. का घेतला म्हणाल, तर माझा डावा हात तोवर नुसता घड्याळ बांधायला होता. उजवीकडे कोपरगावच्या संघातली एक उंच मुलगी हात वर करून तयारच होती. तिने चेंडूला असा काही तडाखा दिला की तो थेट बघ्यांमध्ये जाऊन पडला. शिट्टी वाजली आणि आमचं वर्ष तिथेच संपलं.

परतीच्या एसटीत मला कुणी काही बोललं नाही. मला तेच जास्त झोंबलं. दोन शब्द ऐकवले असते तर मी चार ऐकवले असते आणि मोकळी झाले असते. मला राग लवकर येतो आणि तो कुणावर तरी काढावा लागतो. त्या दिवशी काढायला माझ्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं.

परीक्षा संपल्यावर सरांनी, म्हणजे आमच्या कॉलेजच्या क्रीडाशिक्षकांनी, सगळ्या संघाला कोर्टवर बोलावलं. कोर्ट म्हणजे भेगा पडलेलं सिमेंट आणि दोन गंजके खांब. दुपारी अनवाणी उभं राहिलं तर तळपाय भाजून निघतील असं ते तापायचं. सरांनी प्रत्येकीच्या हातात वहीच्या कागदाची एक घडी ठेवली. "हा सुट्टीचा अभ्यास. प्रत्येकीला एकच गोष्ट लिहिलीय. कॉलेज उघडलं की मी तपासणार. जिची झाली नसेल ती बाकावर बसेल, मग ती कुणी का असेना."

आमच्या कॅप्टनच्या कागदावर 'फ्री थ्रो' होतं, म्हणजे रेषेवर उभं राहून रिंगमध्ये टाकायचा मोकळा चेंडू. आमची सेंटर, म्हणजे रिंगखाली खेळणारी, पारनेर तालुक्यातली, संघात सगळ्यात उंच आणि आवाज मात्र मुंगीचा. तिच्या कागदावर एकच शब्द होता, 'ओरड'. आम्ही पोट धरधरून हसलो. मग मी माझी घडी उघडली. 'डावा हात. सगळ्याला.'

"सगळ्याला म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे दात घास, चहा ढवळ, झाडू मार, कडी काढ. सगळं डाव्याने," सर म्हणाले. "पुढच्या वर्षी प्रत्येक संघ तुला डावीकडेच ढकलणार, हे लिहून ठेव. नुसता सराव करून भागणार नाही. त्या हाताला वाटायला हवं की आपणही घरातलेच आहोत."

खरं सांगते, मला हे फार आवडलं. एवढं सोपं औषध! मी उड्या मारतच कोल्हारला घरी आले. येताना एक गोष्ट मात्र मी साफ विसरले होते, ती म्हणजे आमचं घर.

माझे वडील भिक्षुकी करतात. पंचक्रोशीत कुणाकडे सत्यनारायण असो, वास्तुशांत असो की मुंज, बाबांच्या स्कूटरची वाट बघितली जाते. आजोबाही तेच करत. अशा घरात डाव्या हाताने साधी वाटी पुढे केली तरी चार डोळे वटारले जातात. मी कागद दाखवला. बाबांनी चष्मा वर करून तो दोनदा वाचला.

"जेवण, देवघर, आणि कुणाला काही देणं-घेणं. या तिन्हीला उजवा. बाकी तुझा तू गोंधळ घाल," ते म्हणाले.

"आणि भांडी?" आईने विचारलं. "भांडी डाव्याने घासली तर चालतील ना? मग माझी काहीच हरकत नाही."

आणि सुरू झाला माझा गोंधळ! पहिल्या दिवशी टूथपेस्ट नाकात गेली. तिसऱ्या दिवशी दारातली रांगोळी बघून शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, की पोरीला बरं नाही का. चहा ढवळताना बशीत, झाडू मारताना कचरा पुन्हा घरात. पण आठवड्याभरात एका सकाळी मी कडी काढली, दार उघडलं, अंगणात आले आणि मग माझ्या लक्षात आलं की हे सगळं डाव्याने झालं, न ठरवता! मी तिथेच नाचले. आई म्हणाली, "दार उघडल्याचा एवढा आनंद मी आजवर बघितला नव्हता."

कॅप्टनचं शेत आमच्या गावापासून सायकलवर पंधरा मिनिटांवर, प्रवरेच्या अंगाला. तिच्या चुलत्यांनी गोठ्याशेजारच्या लोखंडी खांबाला एक रिंग वेल्डिंग करून दिली होती. फळी म्हणून जुन्या ट्रॉलीचा पत्रा. चेंडू लागला की असा आवाज व्हायचा की गाई दचकायच्या, पुढेपुढे त्यांनीही मनावर घेणं सोडलं. रोज सकाळी सहाला मी तिथे हजर. कॅप्टन फ्री थ्रो टाकायची आणि मी ले-अप, म्हणजे धावत येऊन दोन पावलांत उडी घेऊन चेंडू रिंगपाशी ठेवायचा. डाव्या हाताने ठेवायचा तर पावलंही उलटी पडावी लागतात, आधी डावं, मग उजवं, मग उडी. माझे पाय उजव्याच्या चालीत मुरलेले. मी उडी मारायची तेव्हा माझे हात एका गावाला आणि पाय दुसऱ्या गावाला.

"आगं तू नाचतीया का खेळतीया?" कॅप्टन ओरडायची.

"तू तुझे फ्री थ्रो बघ. गाईच्या पाठीवर पडला आत्ताचा."

"पडू दे. तिला बी कंटाळा आलाय."

हात घरातला होत होता, पण चेंडू घेऊन धावायला लागलं की पुन्हा पाहुणा व्हायचा. एकतर हाताकडे लक्ष द्यायचं नाहीतर पायाकडे, दोन्ही एकदम जमेना. सुट्टी निम्मी संपली. मला बाकावर बसलेली मी दिसायला लागले.

अशात कॅप्टनच्या घरी नव्या ट्रॅक्टरचा सत्यनारायण आला. पूजा सांगायला बाबा, आणि मदतीला म्हणून मी. अंगणात मांडव, भावकी जमलेली, नवा कोरा ट्रॅक्टर हार घालून उभा. कथा झाली, आरती झाली. बाबा तांब्या-पळी घेऊन तीर्थ द्यायला लागले आणि सवयीने मीही रांगेत जाऊन हात पुढे केला.

डावा.

बाबांची पळी हवेतच थांबली. मला काय झालं ते कळेचना. मला वाटलं तीर्थ संपलं. मागून कुणीतरी बाई पुटपुटली, "गुरुजींचीच पोर बघा." तेव्हा मी हाताकडे बघितलं. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नाही.

कॅप्टन धावत आली. "गुरुजी, तिनं मुद्दाम न्हाई केलं. सरांनी तिला डाव्या हाताचं काम दिलंय. लई कष्ट घेतीया ती."

"उजवा," बाबा एवढंच म्हणाले. मी उजवा हात पुढे केला, त्यांनी तीर्थ दिलं आणि ते पुढच्या माणसाकडे वळले.

आम्ही स्कूटरवरून घरी आलो. दारात गाडी लावल्यावर बाबा म्हणाले, "हे आता बंद. खेळ तुझा तू खेळ, पण हे हाताचं बंद. चारचौघांत मला मान खाली घालायला लावलीस."

चूक माझीच होती, हे मला कळत होतं. पण चूक माझी असली की मला दुप्पट राग येतो. पायरीवरूनच मी म्हणाले, "मग तुम्ही आरतीला घंटा कुठल्या हाताने वाजवता? निरांजन उजव्यात असतं ना? मग घंटा काय दातात धरता?"

आईने आतून "अगं!" केलं. बाबा उपरणं खुंटीला लावून आत गेले. मी रात्री जेवले नाही, आणि मला कुणी दोनदा विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल काढत होते तेवढ्यात देवघरातून हाक आली. गेले तर बाबा सोवळ्यात बसलेले. देवासमोर निरांजन लावलेलं, शेजारी घंटा. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. ते म्हणाले, "मी काल रात्री बसून विचार केला. गेली कित्येक वर्षं मी हे दोन हातांनी करतोय आणि कधी बघितलंच नाही. उचल घंटा. डाव्यात. निरांजन उजव्यात घे."

"देवघरात डावा चालतो?" मी मुद्दाम विचारलं. अजून राग शिल्लक होता थोडा.

"आगाऊपणा नको. उचल."

मी निरांजन गोल फिरवायला गेले तर घंटाही गोलच फिरायला लागली. घंटा सरळ वाजवायला गेले तर निरांजन हिंदकळलं, तूप सांडलं. बाबा हसले. माझे वडील देवघरात हसलेले मी पहिल्यांदाच बघत होते.

"तू हातांना शिकवायला जातेस," ते म्हणाले. "हातांना शिकवायचं नसतं. तोंडाने आरती म्हण. घंटा आरतीच्या तालावर जाईल, निरांजन आपल्या चालीने जाईल. तू मध्ये पडू नकोस."

मी म्हटली. पहिल्या कडव्याला जमलं नाही. दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर कधीतरी घंटा आपली आपण ठोके द्यायला लागली आणि निरांजन आपलं आपण फिरायला लागलं. मी मध्ये पडले नाही! आरती संपली तेव्हा मला धाप लागली होती.

त्या सकाळी मी सायकल अशी हाणली की पंधरा मिनिटांचा रस्ता दहात संपला. चेंडू घेतला आणि मोठ्याने आरती म्हणत निघाले. डाव्या हातात चेंडूचे ठोके, पाय आपले आपल्या चालीने. डावं, उजवं, उडी. पत्रा वाजला. चेंडू आत! पुन्हा केलं. पुन्हा आत! कॅप्टन तोंडाचा आ करून बघत होती.

"आयला, देव पावला व्हय तुला?"

"बाबा पावले," मी म्हणाले आणि पुन्हा धावले. मग तीही माझ्यामागून आरती म्हणायला लागली, तिचे चुलते गोठ्यातून बाहेर आले आणि म्हणाले, "आज काय चतुर्थी हाय का?"

त्यानंतरच्या दिवसांत मला झोपून राहवतच नसे. रोज सकाळी आधी देवघर, मग रिंग. घंटा माझी, बाबा कोपऱ्यातून ऐकणार आणि ताल चुकला की नुसतं खाकरणार. कॉलेज उघडलं, सरांनी तपासणी घेतली. कॅप्टनने दहातले नऊ फ्री थ्रो टाकले. सेंटरने कोर्टच्या मधोमध उभं राहून अशी आरोळी ठोकली की ऑफिसातले शिपाई धावत आले. सुट्टीभर ती एका बांधावरून दुसऱ्या बांधावरच्या भावाशी बोलत होती, असं तिने सांगितलं. आणि मी ओठ हलवत डावीकडून आत गेले. सर फक्त म्हणाले, "बाक रिकामा राहणार वाटतं."

पावसाळा सरता सरता पुन्हा कोपरगाव, पुन्हा तोच संघ. योगायोगाने बाबांचीही त्या दिवशी तिथे एक पूजा होती, म्हणून आम्ही एकाच एसटीने गेलो. स्टँडवर उतरताना मी विचारलं, "येणार का बघायला?" ते म्हणाले, "यजमानांनी सोडलं तर." त्यांनी माझा एकही सामना कधी बघितला नव्हता, म्हणून मी धरून चालले की नाही येणार.

सर म्हणाले होते तसंच झालं. सुरुवातीपासून समोरच्या पोरी मला डावीकडे ढकलत होत्या. पहिल्या दोनदा मी घाबरून पास दिला. शेवटी शेवटी पुन्हा तसंच, एका गुणाने मागे. चेंडू माझ्याकडे आला आणि आमच्या सेंटरची आरोळी आली, "डावीकडं जा! डावीकडं मोकळं हाय!"

मी आरती सुरू केली. मोठ्याने की मनात, आठवत नाही. ती उंच मुलगी उजवीकडे हात वर करून उभी होती, माझ्या उजव्या हाताची वाट बघत. डावं. उजवं. उडी. चेंडू पत्र्यावर नाही, छान लाकडी फळीवर टेकला, कडेला फिरला आणि आत पडला. मग शिट्टी, मग आमच्या सगळ्यांचा एकावर एक ढीग, आणि ढिगाच्या सगळ्यात खाली मी. कुणाचं तरी कोपर माझ्या डोळ्यात गेलं. मी हसत होते की रडत होते, मलाच कळत नव्हतं.

ढिगातून सुटले तेव्हा कोर्टच्या कडेला बाबा दिसले. धोतर, उपरणं, खांद्याला झोळी, हातात पूजेचा डबा. किती वेळ उभे होते कोण जाणे. मी धावत गेले. त्यांनी डबा उघडला. प्रसादाचा शिरा होता, वर तुळशीचं पान.

मी उजवा हात पुढे केला. एकदा तोंड पोळलं होतं ना.

"तो नाही," बाबा म्हणाले. "दुसरा."

मी बघतच राहिले. त्यांनीच माझा डावा हात मनगटाला धरून पुढे ओढला, घामेजलेला, धुळीने काळा झालेला, आणि तळव्यावर चमचाभर शिरा ठेवला. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "घरी आईला सांगू नकोस."