एकशे चार वर्षांचा कान्होजी

वैजयंताचा डोळा लागतोय, पण तिला ते कबूल नाही. दुपारचे साडेतीन वाजलेत, जेवणाच्या टेबलावर छापखान्याची कच्ची पानं पसरलीत, हातात पेन्सिल आहे आणि ती स्वतःला बजावतेय की मी झोपले नाही, मी नुसते डोळे मिटून विचार करतेय. असं म्हणणारी माणसं पाचव्या मिनिटाला घोरायला लागतात, हे काय मी सांगायला हवं? पंखा फिरतोय. चौदावं पान गालाखाली आलंय.

विचार करण्यासारखं आहे मात्र खरं. संध्याकाळी सहाला विश्वासदादा ही पानं छापखान्यात नेणार. विश्वासदादा म्हणजे तिचा चुलतभाऊ, खडकवण्याच्या कोंढरे कुलमंडळाचा अध्यक्ष, आणि आवाजावरून म्हणाल तर अख्ख्या जिल्ह्याचा. कोंढऱ्यांच्या वंशावळीचं पुस्तक निघतंय, आणि ते पुस्तक तात्यांचं. तात्या हे वैजयंताचे चुलतकाका. कलेक्टर कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये त्यांनी छत्तीस वर्षं कारकुनी केली, आणि निवृत्त झाल्यावर जुन्या मोडी कागदांतून घराण्याच्या सात पिढ्या शोधून काढल्या. वैजयंताला मोडी वाचायला शिकवली तीही त्यांनीच. गेल्या वर्षी तात्या गेले. येत्या रविवारी त्यांचं वर्षश्राद्ध, त्याच दिवशी पुस्तकाचं प्रकाशन.

आता चौदाव्या पानावर आहे घराण्याचं भूषण: कान्होजी बिन शिदोजी, म्हणजे शिदोजीचा मुलगा कान्होजी, वय वर्षं एकशे चार! सन १८०६च्या एका कागदात तो एकवीस वर्षांचा, जमीन कसणारा. सन १८८९च्या गावच्या मृत्यूच्या नोंदवहीत तो मयत. नोंदवहीतला वयाचा रकाना कसरीनं खाल्लेला, म्हणून तात्यांनी वजाबाकी केली आणि घराण्याला शंभरी ओलांडलेला पूर्वज मिळाला. तेव्हापासून कोंढऱ्यांच्यात कुणी आजाराला भीक घालत नाही. विश्वासदादाची साखर तीनशेवर गेली तरी तो जिलबी खातो, 'आपण कान्होजीचे' म्हणतो.

आणि वैजयंताला आठवड्यापूर्वी कळलंय की असा कान्होजी नव्हताच. दोन कान्होजी होते.

बडोद्याला जाऊन स्थायिक झालेल्या एका भाऊबंदानं घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका कागदाचा फोटो टाकला. बिचारा दर दसऱ्याला त्या कागदाला हळदकुंकू वाहायचा. त्याला वाटायचं, ही जहागिरीची सनद. वैजयंतानं हळदीच्या डागांतून एकेक अक्षर सोडवलं. तो होता सन १८१९चा एका विधवेचा अर्ज. नवरा कान्होजी बिन शिदोजी पटकीनं मयत, वय चौतीस, मूल शिदोजी दोन वर्षांचं, जमीन मुलाच्या नावे राहावी. संपलं! आपल्याकडे नातवाला आजोबाचं नाव ठेवायचं, त्यामुळे त्या शिदोजीचा मुलगा पुन्हा कान्होजी. तात्यांनी आजोबा आणि नातू एकच माणूस धरले आणि मधल्या दोन पिढ्या गिळल्या. वैजयंतानं गावच्या आणखी दोन कागदांशी पडताळून बघितलं. सात नाहीत, पिढ्या नऊ आहेत.

तिनं विश्वासदादाला फोन केला तर तो म्हणाला, "ज्यानं तुला अक्षर शिकवलं त्याच्याच चुका काढायच्या, वैजू? तेही तो गेल्यावर? वर्षश्राद्धाला?" आणि मग जरा खालच्या आवाजात, "सहापर्यंत सांग. तू म्हणशील तसं."

तू म्हणशील तसं, म्हणे. आठ दिवस तिला जेवण गोड लागलेलं नाही.

"डावीकडचा रुमाल काढ," तात्या म्हणतात.

रेकॉर्ड रूममध्ये खारव्याच्या लाल कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्याला रुमाल म्हणतात. वैजयंता उठते आणि स्वयंपाकघरातलं डब्यांचं कपाट उघडते. डाळ-तांदळाचे डबे नाहीत. लाल रुमाल आहेत, वरच्या फळीपर्यंत, आणि फळ्या वर कुठे संपतात ते दिसत नाही. डांबरगोळ्यांचा वास येतोय. तात्या शिडीच्या तिसऱ्या पायरीवर बसलेत, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात भिंग.

"तात्या, तुम्ही तर..."

"गेलो. हो. त्याचं काय एवढं? रुमाल काढ."

ती रुमाल काढते. तो लोण्यासारखा मऊ लागतो हाताला. तिला वाटतं, आता विचारतील. आता नक्की विचारतील. ती गाठ सोडायलाच वेळ लावते.

"गाठ माझीच आहे," तात्या म्हणतात. "सुटते."

एसटीत खिडकीशी ते दोघं शेजारी बसलेत. रुमाल तिच्या मांडीवर. गाडीत दुसरं कुणी नाही, आणि बाहेर साताऱ्याचा रस्ता नाही, कागद आहेत. पिवळे, लांबलचक, दोन्ही बाजूंनी मागे पळणारे, ओळींमागून ओळी. तात्या खिडकीतून बघत मान डोलावतात. कुणाची तरी शेतं बघून डोलवावी तशी.

"पोटाला काय खाल्लंस?" ते विचारतात.

"वरणभात."

"तरी तोंड असं का?"

आता काय सांगायचं? वैजयंता खोटं बोलणाऱ्यांतली नाही, पण खरं बोलायलाही तिला एक धक्का लागतो. गाडी खड्ड्यातून जाते, तोच धक्का पुरतो.

"तात्या, कान्होजी चुकलाय."

"कोणता?"

"एकशे चारवाला."

तात्या खिशातून भिंग काढतात, शर्टाच्या टोकाला पुसतात, तिच्या हातात देतात. "वाच."

कागद तिच्या मांडीवर उघडलाय, हळदीच्या डागांसकट. ती वाचते. तात्या डोळे मिटून ऐकतात, शिकवताना ऐकायचे तसेच, आणि एका ठिकाणी बोट वर करतात. ती थांबते.

"तिथं परत वाच."

"'वय वर्षे चौतीस.'"

"चौतीस की चौऱ्याऐंशी?"

"चौतीस, तात्या. मी सोळा वेळा बघितलंय."

"भिंगानं?"

"भिंगानं. आणि फोटो मोठा करून. आणि छापून उन्हात धरून."

तात्या डोळे उघडतात. वैजयंता अंग चोरून बसते. आणि तात्या हसायला लागतात. असे हसतात की खोकला येतो, मेलेल्या माणसाला खोकला!

"सुटला गं बिचारा," ते म्हणतात. "सत्तर वर्षं मी त्याला फुकट जगवला. किती दमला असेल."

कचेरीच्या ओट्यावर रांग आहे. ऊन पायऱ्यांपर्यंत आलंय. ही कचेरी तात्यांची आहे आणि नाहीही. छत गवताचं आहे, पण भिंतीवर घड्याळ तेच, दहा मिनिटं पुढे असलेलं. रांगेत त्यांच्या पुढे एक बाई उभी आहे. पदर डोक्यावरून घट्ट घेतलेला, पाठ ताठ. तिचं तोंड दिसत नाही. तिचा नंबर येतो तेव्हा कारकून विचारतो, "निशाणी?"

बाई हात पुढे करते. मनगट उघडं आहे, बांगडी नाही. कारकून वर न बघता बोरू शाईत बुडवतो आणि कागदाच्या तळाशी एक गोल बांगडी काढतो. सही न येणाऱ्या बाईमाणसाची निशाणी बांगडीच, हातात असो नसो.

बाई ती बांगडी बराच वेळ बघते. मग म्हणते, "वाळू दे. मी थांबते." आणि कागदाशी उभी राहते, शाई वाळेपर्यंत, मागच्या रांगेनं कितीही गलका केला तरी.

"येसू," वैजयंता कुजबुजते. अर्जात नाव आहे तिचं.

"हिच्यामुळे आपण आहोत," तात्या म्हणतात. "जमीन गेली असती तर ते पोर कुठं गेलं असतं? काय बाई आहे बघ! आणि मी हिला गाठलंच नाही. उडी मारून पुढं गेलो. पुस्तकात हिचं नाव घातलंस?"

"घालता येत नाही. बायकांची नावं घ्यायची नाहीत असा कुलमंडळाचा ठराव आहे."

"कुठल्या शहाण्यानं केला?"

"तुम्ही मांडला होतात. विश्वासदादानं अनुमोदन दिलं."

तात्या कान खाजवतात. "मग तोही खोड," ते म्हणतात.

दोघं टेबलाशी बसलेत. टेबल वैजयंताचंच आहे, पण रेकॉर्ड रूमच्या मधोमध ठेवलंय. कुठेतरी कुकरची शिट्टी होते आणि सगळे रुमाल जरासे थरथरतात. चौदावं पान दोघांच्या मध्ये आहे. आता मात्र वैजयंताला राहवत नाही.

"तात्या, एक सांगू? तुमची चूक सापडली तेव्हा मला आनंद झाला. वाईट नाही वाटलं, आनंद झाला! मी स्वयंपाकघरात उड्या मारल्या. मग लाज वाटली. आठ दिवस वाटतेय."

"किती मारल्यास?"

"काय किती?"

"उड्या."

"दोन."

"दोनच? मला कान्होजी सापडला तेव्हा मी घरात पाच मारल्या होत्या. आणि तो तर चुकीचा होता."

वैजयंता हसते आणि हसता हसता रडते. तात्या तिच्याकडे बघत नाहीत. ती रडायची तेव्हा ते कधीच बघायचे नाहीत, कागद सरळ करत बसायचे. आत्ताही ते पानांचे कोपरे जुळवताहेत.

"मला राग आलाच," ते म्हणतात. "खोटं कशाला सांगू? आपली चूक दुसऱ्यानं काढली की येतो. मग बघितलं, काढली कुणी, तर आपल्या वैजीनं. हळदीच्या डागाखालून! मग म्हटलं, दुसऱ्या कुणाची आहे हिंमत माझ्यासमोर उभं राहायची? छत्तीस वर्षांत एवढी तयार नजर मी कचेरीत बघितली नाही."

"पण लोक म्हणतील, तात्या चुकले."

"चुकलोच की. सरकारी नकलेच्या तळाशी दोन सह्या असतात, ठाऊक आहे ना? एक नक्कल करणाऱ्याची आणि एक रुजवात घेणाऱ्याची. एकानं मूळ कागद वाचायचा, दुसऱ्यानं नक्कल धरायची, अक्षर न् अक्षर ताडायचं. स्वतःच्या नकलेची रुजवात स्वतःला घेता येत नाही, मग तो कारकून किती का हुशार असेना. कचेरीत माझ्या एकूण एक नकलेखाली दुसरी सही पडली. हे घरचं काम केलं, तर सगळ्यांनी शाल दिली, हार घातला. तात्यांचं चुकेल होय, म्हणाले. ताडून एकानं बघितलं नाही." ते पान तिच्याकडे सरकवतात. "दुसऱ्या सहीवाचून अकरा वर्षं पडून आहे हे. अर्धी नक्कल माझ्या नावावर छापणार आहात का तुम्ही?"

"मी सही करायची? तुमच्या कामाखाली?"

"तर मग कुणी, विश्वासनं? त्याला सातबारा वाचता येत नाही सरळ." तात्या उठतात. शिडी पुन्हा तिथेच आहे, ते पहिल्या पायरीवर पाय ठेवतात. "आणि खोडताना गिरगटू नकोस. एकच रेघ. खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे. माझी चूक आहे ती, नीट दिसू दे."

"तात्या, थांबा ना."

"काम आहे गं," ते वरून म्हणतात, आणि त्यांचा आवाज फळ्यांमधून लांब जातो. "वर फार रुमाल आहेत."

फोन वाजतोय.

वैजयंता डोकं उचलते. मान अवघडली आहे, गालाला घाम आलाय. पंखा फिरतोय. डब्यांचं कपाट बंद आहे. भिंतीवर पावणेपाच वाजलेत. पेन्सिल तिच्या बोटांत आहे आणि तिचं टोक झिजून बोथट झालंय.

ती चौदाव्या पानाकडे बघते आणि फोन वाजायचा तसा वाजत राहतो.

'एकशे चार' या शब्दांवरून एकच रेघ गेली आहे, सरळ, बारीक. खालचं अक्षर स्वच्छ वाचता येतंय. आणि पानाच्या तळाशी, दुसऱ्या सहीच्या जागी, पेन्सिलनं एक ओळ आहे. मोडीत. वैजयंता अकरा वर्षं मोडी वाचते, पण लिहिलेली तिनं आयुष्यात नाही. तात्यांनी वाचायलाच शिकवली होती, लिहायची वेळ कधी आली नाही. तरी ही ओळ लिहिताना हात कुठे अडखळलेला नाही. तिच्या तळहाताची कड पेन्सिलच्या शिशानं काळी झाली आहे.

ती ओळ एकदा वाचते. मग बोटानं चाचपून बघते. कागदाला खाचा पडल्यात. मग फोन उचलते.

"हॅलो? वैजू? मी निघालोय पानं न्यायला. काय ठरलं?"

"चौदावं पान बदलतंय, दादा. पिढ्या सात नाहीत. नऊ."

पलीकडे गाडीचे हॉर्न. विश्वासदादाचा सुस्कारा. आणि मग, हा आपला विश्वासदादा, वरून कितीही गडगडला तरी माणूस दिलेल्या शब्दाला पक्का: "बरं. तू म्हणतेस तर असेल. तात्याच म्हणायचे, वैजीची नजर माझ्याहून तेज आहे म्हणून. तुला कधी बोलले नसतील." मग त्याला आठवतं: "म्हणजे माझी जिलबी बंद. छापखान्याला सांगतो. दोन पिढ्या वाढल्या म्हणजे दोन नावं वाढली ना?"

"चार."

"चार कशी?"

"शिदोजी. दुसरा कान्होजी. आणि येसूबाई."

"बाईचं नाव? आणि ठराव?"

"खोडला."

"कुणी?"

"ज्यांनी मांडला होता त्यांनीच. ये, सांगते."

विश्वासदादा बोटं मोजत असावा. "अगं पण ही तीनच झाली."

"चौथं पानाच्या तळाशी आहे," वैजयंता म्हणते. "मोडीत आहे. तू आलास की वाचून दाखवते."