दुकानाचा पत्ता नसलेली पोस्ट

...आणि एवढं सुनावून नानांनी मला पाव किलो शेव बांधून दिली. "शेव फुकट न्या, मॅडम. पण पोस्टचे पैसे देणार नाही म्हणजे नाही. उद्या हसायचेही पैसे लावाल."

नानांचं देवपुरात फरसाणचं दुकान आहे. आमच्या देवपूरच्या फेसबुक ग्रुपवर ते अगदी सुरुवातीपासून शेवेचे फोटो टाकतात. मी त्या ग्रुपची अॅडमिन. या महिन्यापासून दुकानांच्या जाहिरातींना थोडे पैसे घ्यायचे, असं मी ठरवलं. बाकी सगळं फुकटच... नळाला पाणी कधी येणार, रक्त हवंय, हरवलं-सापडलं.

पैसे हवे होते सुनीतासाठी. ती माझ्या शेजारी राहते. ग्रुपवर येणारी प्रत्येक पोस्ट आधी ती वाचते. रक्त हवंय असं कुणी लिहिलं की फोन करून खात्री करते, मगच पोस्ट सोडते. हे सगळं ती आजवर हौसेनं करत आली. आता तिला चाळीसगावला एका क्लासच्या ऑफिसात नोकरी मिळत होती. एक तारखेला रुजू व्हायचं होतं. हौसेवर घर चालत नाही, हे मी कोणत्या तोंडानं नाकारणार?

ती गेली की ग्रुप बंद करावा लागणार. तिच्याशिवाय मला तो झेपत नाही.

मी दुकानोदुकानी फिरले. सगळ्यांचं उत्तर एकच... नानांनी दिले की आम्ही देऊ.

आणि नानांनी काय केलं? दुसऱ्याच दिवशी त्यांची पोस्ट आली, हरवलं-सापडलंमध्ये. 'फरसाणचं दुकान, पुलाजवळ, देवपूर. येथे चष्म्याचं घर हरवलं आहे. शेवभाजीची ताजी शेव घेताना गल्ल्यावर राहिलं असावं.'

सुनीता हसत हसत म्हणाली, "ताई, नियमात बसतंय." आणि तिनं पोस्ट सोडली.

मग नानांची छत्री हरवली. मग एक चप्पल हरवली, तीही गरम फाफड्याच्या कढईजवळ. दर वेळी सुरुवातीला दुकानाचा पत्ता, मग वस्तू. लोक वाट बघायला लागले. एकानं लिहिलं, 'चष्म्याचं घर नाही सापडलं, नाना. अर्धा किलो शेव सापडली.' जाहिरातीचे पैसे मात्र कुणीच दिले नाहीत.

परवा दुपारी सुनीता माझ्याकडे चहाला आली होती. तिच्या फोनवर नानांची नवी पोस्ट आली. 'आमचे आबा सकाळपासून घरी नाहीत. पांढरं धोतर, टोपी. कोणी पाहिले तर कळवा.' सोबत आबांचा, म्हणजे नानांच्या वडिलांचा फोटो.

तिनं पोस्ट लगेच सोडली. मिनिटभरात खाली हसणारे चेहरे यायला लागले. 'आबा पण शेव घ्यायला गेले का?' 'नाना, या वेळी कमाल केली!'

सुनीता हसली नाही. ती पोस्ट पुन्हा वाचत होती.

"ताई, यात दुकानाचा पत्ता नाहीये."

तिनं नानांना फोन लावला. पलीकडून नीट बोलणंच येईना. आबांना हल्ली विसरायला होतं... घरात सगळ्यांना वाटलं ते दुकानावर आहेत, नानांना वाटलं ते घरी आहेत.

चहा तसाच राहिला. सुनीतानं सगळ्या कमेंट काढल्या, पोस्ट सर्वांत वर लावली आणि स्वतः लिहिलं, 'ही पोस्ट खरी आहे. मी बोलले आहे.' मग नानांना विचारून घेतलं, आबांचं गाव कुठलं. सोनगीरच्या पुढे. ग्रुपमध्ये सोनगीरचे जे जे होते, त्यांना तिनं एकेक करून फोन केले.

ऊन उतरायच्या आत फोटो आला. हायवेला सोनगीरच्या अलीकडे एका पंक्चरवाल्यानं त्यांना खुर्ची दिली होती. आबा खुर्चीत ऐटीत बसलेले. कोण तुम्ही, कुठं हरवलात, असं विचारलं तर चिडून म्हणाले म्हणे, "माले बठ्ठं माहीत शे. मी घर जाई ऱ्हायनू!" सगळं माहीत होतं त्यांना, घरीच चालले होते.

संध्याकाळी नाना रिक्षातून आबांना घेऊन आधी आमच्या दारात आले. आबा उतरले नाहीत. त्यांना अजून गावीच जायचं होतं.

"सगळे हसत होते," नाना सुनीताला म्हणाले. "तुला कसं कळलं, बेटा?"

"नाना, शेवेचं नाव नव्हतं. पत्ता नव्हता. तुम्ही असं लिहाल का कधी?"

नाना आधी हसले. मग त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. जाताना मला म्हणाले, "मॅडम, मला वाटलं तुम्ही फोटो लावायचे पैसे मागताय..." आणि रिक्षात आबांशेजारी जाऊन बसले.

हे सगळं नानांना विचारूनच लिहितेय. 'लिहा, पण दुकानाचं नाव टाकू नका,' असं तेच म्हणाले. ग्रुप, ग्रुप म्हणतो आपण. पण पलीकडे कुणीतरी एक माणूस लक्ष देऊन वाचत बसलेलं असतं, म्हणून तो ग्रुप असतो. सुनीता, तुझे आभार कसे मानायचे ते मला अजून सुचलेलं नाही.

काल सकाळी नाना शेजारच्या कापडवाल्याला आणि सायकलवाल्याला सोबत घेऊन आले आणि तिघांनी जाहिरातींचे पैसे दिले. ते गेल्यावर सुनीतानं चाळीसगावला फोन केला आणि येत नाही म्हणून सांगितलं.