पहारीचं दुसरं टोक

उस्मानपुऱ्यातल्या गच्चीवर ओली गोधडी पिळायला घेतली. दुसरं टोक धरणारी माझी सुमन आता नाय. पीळ बसंना, तवा मला रणगाड्याच्या चाकांवरचा लोखंडी पट्टा आठवला.

जुन्या रणगाड्यात आम्ही चौघं होतो. नव्यात गोळा मशीन भरायचं, म्हणून तिघंच ठेवले. एकदा वाळूत पट्टा उतरला अन् तिघं दिवसभर पहारी घेऊन झोंबलो. साहेब म्हणाले, "मशीन दिलंय ना?"

म्हणलं, "साहेब, ते पहार धरत नाय."

त्याच सांजेला सुमनच्या पहिल्या बाळंतपणाला निघायचं होतं, पट्ट्यापायी रेल्वे हुकली. पोचलो तवा लेक चार दिवसांचा झालता.

"रणगाड्याला माणसं मिळंनात व्हय?" एवढंच ती बोलली.

आज तोच लेक फोनवर म्हणतो, "बाबा, वॉशिंग मशीन घेऊन देतो." मी फोन ठेवला. गोधडीचं टोक कठड्याला बांधलं अन् एकटाच पिळत बसलो.