लटारूभाऊची गाडी आणि लाल अंगठा

लटारू नन्नावरेला गावात कोणी नन्नावरे म्हणत नाही. ‘सीआयडी’ म्हणतात, आणि तेही त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. त्याला राग येत नाही. कोण म्हणालं तेवढं तो लक्षात ठेवतो. शेतावर जाताना लाकडाच्या ढिगातल्या वरच्या फाट्याचं तोंड कुठं होतं, ते पाहून जाणारा हा माणूस. कोंबडीनं अंडं दिलं नाही, तरी तो आधी शेजारच्या घराकडे बघतो.

शेजारी म्हणजे इतवारी. बायको वारलेली, सख्खा भाऊ नाही, एक पोरगी चंचल. चार माणसांपुढं इतवारीची जीभ टाळूला चिकटते.

तीन वर्षांपूर्वी मोहफुलं वेचताना अस्वलानं लटारूचा उजवा गुडघा असा काही धरला, की तो पुन्हा नीट वाकलाच नाही. नांगरामागं चालणं संपलं. मग बैलजोडी विकून त्यानं बटनावर चालू होणारी जुनी मोटारसायकल घेतली. किक आहे तिला, पण ती लटारूच्या कामाची नाही.

यंदा पोळ्याला त्याच्या मनानं घेतलं, की आपलाही बैल तोरणाखाली उभा करायचा. आदल्या दिवशी त्यानं गाडीचा निम्मा सांगाडा उघडला, बैलांच्या शिंगांना लावतात त्या लाल वार्निसानं तिची हाडं रंगवली, हँडलला बेगड चिकटवली, आरशांना गोंडे बांधले. पोळ्याला मात्र ती चालू केली नाही. “बैलाले आज कामाले लावते का कोणी?” म्हणत लंगडत ढकलत नेली. सारं गाव हसलं. इतवारी तेवढा हसला नाही. त्यानं मागून धक्का दिला.

दुसऱ्या दिवशी इतवारीनंच गाडी मागितली. वडश्याला पोराकडच्यांना निरोप द्यायचा होता, की उद्या बाराला येतो, चंचलच्या लग्नाची बोलणी पक्की करू. मुलीकडून बोलायला अर्थातच लटारूभाऊ. समोरच्याच्या बोलण्यातली खोट काढण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत नाही.

आणि बोलणीच्या दिवशी सकाळी लटारूनं बटन दाबलं, तर गाडी म्हणाली, ‘कट.’

पुन्हा दाबलं. ‘कट.’ हॉर्न वाजवला, तर पडसं झाल्यासारखा घोगरा.

“बॅटरी बदलली,” लटारू म्हणाला.

“कोणं?” आशाबाईनं, त्याच्या बायकोनं, चुलीपासून विचारलं.

“काल गाडी कोणापाशी होती? अन् मी कानानं आयकलं, जाताना त्यानं किक मारली. बटन असताना किक काऊन मारली? सांग बरं!”

“पाय धड हायेत त्याचे, म्हणून मारली.”

“तुले नाई समजत. आधीच ठाऊक होतं त्याले.”

“जी, तोंड उघडू नका,” आशाबाई म्हणाली. “पोरीच्या लग्नाचा दिवस हाय.”

पण नवा सदरा घालून इतवारी कुंपणाशी आला, आणि लटारूचं तोंड आपोआप उघडलं.

“इतवारी, काल वडश्याले गाडी कोणाच्या दुकानापुढं उभी केली होती गा?”

“कोणाच्याच नाई. काऊन?”

“मंग माह्या बॅटरीले पाय फुटले का?”

इतवारीनं एकदा गाडीकडं, एकदा लटारूकडं पाहिलं. काहीतरी ओठांवर आलं होतं, ते त्यानं गिळलं. “तू राह्य दे, भाऊ. मी जातो येक्टाच,” म्हणाला आणि छत्री काखेत मारून ऑटोसाठी रस्त्याच्या फाट्याकडं चालू लागला.

“पाह्यलं? बोलला का काही?” लटारू म्हणाला. “चोर असाच गप ऱ्हाते.”

“आता तो तिथीबी गपच बसन,” आशाबाई म्हणाली. “ते म्हणतीन तसं मान हलवन. चंचलीचं वाटोळं झालं, त ते कोणाच्या माथ्यावर?”

लटारूनं पान्हे काढले. चोरी सिद्ध झाली की माथ्याचं पाहू.

सीट काढली. बॅटरी घेतली त्याच दिवशी त्यानं तिच्या बुडाशी दाभणानं ‘ल’ कोरून ठेवला होता. बॅटरी उलटी धरून पाहिली. ‘ल’ होता. त्याचाच, डावीकडं कललेला.

“मंग सेल्फची मोटर बदलली,” तो म्हणाला, पण आवाज जरा खाली आला.

शेतातल्या पंपाची जाड वायर पडून होती. बॅटरी पुन्हा जोडून, गाडी न्यूट्रलला आहे याची खात्री करून त्यानं वायरचं एक टोक बॅटरीच्या काळ्या वायरच्या नटावर दाबलं, दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडावर. आशाबाईला म्हणाला, “दाब बटन.”

गाडी अशी खडाडून उठली, की आशाबाईच्या हातातलं भाकरी उलटायचं सराटं खाली पडलं.

लटारू मात्र खूष झाला नाही. बॅटरी चांगली, मोटर चांगली; म्हणजे काळ्या वायरची वाटच कोणीतरी अडवली होती. गाडी बंद करून तो त्या वायरमागं बोट फिरवत गेला. सांगाड्यावर एका बोल्टाखाली ती कसलेली होती. त्यानं बोल्ट काढला. तारेच्या गोल कडीखाली लोखंड दिसायला हवं होतं. दिसलं लालभडक वार्निस, नखाएवढं जाड. थोडाफार करंट बोल्टाच्या आट्यांतून जात असेल, ‘कट’ म्हणण्यापुरता. मोटर फिरवण्यापुरता नाही.

शेजारीच, ओल्या वार्निसात उमटून वाळलेला एक अंगठा होता.

“ठसा सापडला!” लटारू ओरडला. “आता पकडतो.”

आशाबाई वाकून पाहत राहिली. “मधातून चीर हाय याच्या.”

चीर होती. धान कापताना विळा लागल्यासारखी आडवी. लटारूनं आपला अंगठा वर केला. नखाच्या कडेला अजून लाल होतं.

“गावात दुसऱ्या कोणाले विळा लागला नसन का?” तो हळूच म्हणाला.

“सीआयडी,” आशाबाई म्हणाली, “गुन्हेगाराले चहा देऊ का आता?”

चहा नको होता. त्यानं सुरीनं वार्निस खरवडलं, पॉलिश कागदानं लोखंड चकचकीत केलं, बोल्ट कसला, बॅटरी बसवली. बटन दाबलं. पहिल्या झटक्याला चालू. अकरा वाजून गेले होते.

इतवारी फाट्यावर उभा होता. ऑटो आलाच नव्हता. गाडी पाहून त्यानं छत्री उगाच उघडून मिटली.

“बस,” लटारू म्हणाला. इतवारी हलला नाही, तेव्हा पुढचं त्याला बोलावंच लागलं. “मीच रंगोलं होतं गा. तारेखाली.”

“मले वाटलंच होतं काहीतरी,” इतवारी म्हणाला. “काल म्या बटन दाबलं, त नुसतं कट केलं तिनं. मंग किक मारली.”

“मंग सांगतलं काऊन नाई?”

“सांगतलं असतं, त तू मलेच धरलं असतं.”

समोरच्याच्या बोलण्यात खोट काढणाऱ्या लटारूला या वाक्यात एकही सापडेना. मग तो दुखरा पाय सांभाळत उतरला, मागच्या सीटवर जाऊन बसला आणि म्हणाला, “तू चालव. मी तवरोक तिथी काय बोलायचं ते जमवतो.”

आपल्याच गाडीवर मागं बसायचं, एवढी गोष्ट त्यानं आजवर कोणासाठीच केली नव्हती. इतवारीनं हँडल धरलं. मागून लटारूचा हात त्याच्या खांद्यावर आला, आणि मान हळूच पुढं आली.

“काय पाह्यतं गा?” इतवारीनं विचारलं.

“काही नाई,” लटारू म्हणाला. “पेट्रोलचा काटा.”