अर्धा बांधलेला फेटा

घोडेगावच्या एका छोट्या संस्थेसाठी मी देणग्या गोळा करते. डोंगरातल्या वाड्यांवरच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना जीपने खाली आणायचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन करून परत घरी सोडायचं, हे संस्थेचं काम. आणि त्यासाठी लोकांपुढे हात पसरायचा, हे माझं. पहिली दोन वर्षं मला त्याची भयंकर लाज वाटायची. मागायचं तर तोंड पाडूनच मागायचं, असा माझा समज. जुन्नरच्या पेठेत एका कापड दुकानदाराने माझा चेहरा बघून आधी पाणी दिलं आणि हळूच विचारलं, घरी कोण गेलं? देणगी राहिली बाजूला, तो माझंच सांत्वन करत बसला.

त्या उन्हाळ्यात संस्थेचे पैसे संपले आणि ऑपरेशनं थांबायची वेळ आली. शेवटच्या तुकडीत डोंगरातली एक आजी होती. तिचा म्हातारा दोन्ही डोळ्यांनी अधू. त्याचा नंबर पुढच्या तुकडीत होता, आणि पुढची तुकडी निघेल की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यात पाऊस लागला की त्यांच्या वाडीपर्यंत जीप जात नाही. आजी मला दिसेल तेव्हा एकच विचारायची, म्हाताऱ्याचं कधी?

तिची पट्टी सुटली त्या सकाळी मी समोर होते. आता ही रडणार, मग मी रडणार, म्हणून रुमाल हातात तयार. आजीने डोळे मिचकावले, भिंती न्याहाळल्या, वर पंख्याकडे बघितलं आणि म्हणाली, "किती जाळी धरल्यात गं. केरसुणी आण." डॉक्टर नको नको म्हणत असताना ती पदर खोचून खाटेवरून उतरलीसुद्धा. सिस्टरने कसंबसं तिला परत बसवलं आणि केरसुणी माझ्या हातात दिली. मी झाडत होते, आजी बसल्या जागेवरून माझ्या चुका काढत होती आणि सगळा वॉर्ड हसत होता. मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही. ज्याची दोन वर्षं लाज वाटली, ते काम हे होतं होय!

दुपारी पारगावजवळ नात्यातलं लग्न होतं. आमच्याकडे पुढाऱ्यांच्या शुभेच्छा आणि फेटा-शाल-नारळाचे सत्कार संपल्याशिवाय लग्न लागत नाही. माझी कडक इस्त्रीची सुती साडी आणि मला सोडायला आलेली, मांडवाच्या दारात थांबलेली संस्थेची जीप बघून निवेदकाला वाटलं, कुणी पुढारीणबाई आल्या. त्याने आशीर्वादासाठी थेट माईकवरून ताईसाहेबांना पुकारलं. एरवी मी खुर्चीखाली लपले असते. त्या दिवशी टुणकन वर चढले.

नवरा-नवरीला दोन शब्द शुभेच्छांचे दिले आणि लगेच आजीवर आले. पंखा, जाळी, केरसुणी, सगळं हातवारे करून सांगितलं. मांडव खदखदून हसला. मग हसता हसताच मी म्हणाले, "तिच्या म्हाताऱ्याचे डोळे राहिलेत. पाऊस लागायच्या आत करायचेत, आणि आमच्याकडे पैसे नाहीत."

नवरीच्या बापाने उठून माईक घेतला. "ऱ्हायलेले सत्कार बंद करा राव," तो म्हणाला. "त्यो खर्च ताईंच्या कामाला."

फेटेवाल्याचे हात जागच्या जागी थांबले. त्याच्यासमोर बसलेल्या पुढाऱ्याचा फेटा अर्धाच बांधून झाला होता. उरलेलं कापड खांद्यावर सांभाळत बिचाऱ्याने अक्षता टाकल्या, आणि जाताना माझ्याकडे बघून खिशातही हात घातला. जेवणं झाल्यावर बायका जीपपाशी येऊन आजीची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावत होत्या आणि देत होत्या. गोष्ट दर वेळी थोडी वाढत होती, हे कबूल करते. त्यानंतर मी तोंड पाडून कधीच मागितलं नाही.

मृगाच्या आधी जीप वाडीवर जाऊन आली. म्हाताऱ्याची पट्टी सोडली तेव्हा आजी त्याच्या शेजारीच बसली होती. तो तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला.

"तुजं क्यास कवा पांढरं झालं?" त्याने विचारलं.

आजीने पदर कपाळापर्यंत पुढे ओढला.

"तुमाला दिसत न्हवतं, तवा."