मोहाच्या टोपलीत खुडूक कोंबडी

मंडळी, लिहून राह्यली माही नात, पण राग माहा हाये.

माही लाल कोंबडी आठ दिवसांपासून खुडूक बसली. खाली एक अंडं नाई, तरी उठत नाई. अन् बसली कुठी, तं मोहफुलं वेचाच्या टोपलीत! तिकडं झाडाखाली पडलेली फुलं ढोरं खाऊन राह्यली.

आज सकाळी खुडूक मोडाले तिले थंड पाण्यात बुडवलं. बाईसाहेब ओल्या अंगानं पुन्हा टोपलीत!

शेजारची जना हासली. "काऊन वं बाई, अंडी ठेव ना तिच्याखाली!"

"अन् एकवीस दिवस फुलं कशात वेचू, तुह्या डोक्यात?"

शेवटी जनाचीच अंडी ठेवली, अन् टोपलीबी जनाचीच उचलून मी जंगलात गेली. आता जना हासत नाई.

तुम्ही खुडूक कोंबडी अंड्यांसकट टोपलीतून कशी हलवता? जना टोपली मागाच्या आधी सांगा.