मागील अहवालातली नदी

फोन आला तेव्हा मी हिंजवडीला मीटिंगमध्ये होते. वानखेडे साहेबांच्या घरचा नंबर दिसला, नंतर करू म्हणून फोन पालथा ठेवला. संध्याकाळी केला, तेव्हा त्यांचा मुलगा निखिल म्हणाला, बाबा सकाळीच गेले… त्याला दीड महिना झाला. पालथा ठेवलेला तो फोन अजून मनातून जात नाही.

साहेब माझे पहिले वरिष्ठ. पुण्यात समुद्राचं काय काम, असा प्रश्न माझ्या आईला शेवटपर्यंत पडत राहिला. पण शहराबाहेरच्या आमच्या संस्थेत पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये अभ्यासासाठी चक्क छोटे किनारे बांधलेले असत. यंत्र लाटा सोडी, लाटा तिरप्या येत आणि वाळू हळूहळू पुढे सरकवत. दुसऱ्या टोकाला साठलेली वाळू रोज संध्याकाळी घमेल्यात भरून पहिल्या टोकाला परत ओतायची, असा नियम. साहेब पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून ती स्वतः ओतत. मूळचे अमरावतीकडचे, नोकरी लागेपर्यंत त्यांनी समुद्र पाहिलाही नव्हता. हेच काम कॉम्प्युटरवर करायला मला नव्याने घेतलेलं, त्यात जीभ पुणेरी. एवढं शिकून शेवटी हमालीच का, असं मी त्यांना विचारलं होतं. ते हसले.

“किनारा एका जागी दिसतो मॅडम, पण त्याची वाळू मुक्कामाला राहत नाही. गेली तेवढी मागून आली, तरच तो टिकतो. खऱ्या गावाला ती नदी आणून देते. इथं नदी मी.”

पुढे कोकणातल्या एका गावाजवळ बोटींसाठी धक्का बांधायचं ठरलं. धक्क्याने वाळू अडेल, मग पलीकडच्या कोळीवाड्यासमोरचा किनारा राहील का, एवढाच प्रश्न होता. शेड दुसऱ्या कामात अडकलेली, म्हणून ते माझ्या प्रोग्रॅमवर आलं. नदी वर्षाला किती वाळू आणते हा आकडा मी जुन्या फायलीतून उचलला आणि खाली ‘मागील अहवालाप्रमाणे’ असं लिहिलं. आमच्याकडे सगळेच तसं लिहीत. उत्तर आलं, नदी भरपाई करील, वस्तीला धोका नाही. साहेबांनी माझ्या भरवशावर सही केली. काम सुरू होण्याआधी ते गाव बघून आले आणि शांतपणे मला विचारलं, नदीवर वरच्या अंगाला धरण आहे, ते या आकड्याच्या आधीचं की नंतरचं? नंतरचं होतं. नदीची वाळू केव्हाच धरणात अडकून बसली होती. माझ्या कॉम्प्युटरमध्ये मात्र ती मजेत वाहत होती.

साहेबांनी अहवाल मागे घेतला. बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाले, चूक माझी आहे. मी शेजारीच बसले होते. एका सॉफ्टवेअर कंपनीत माझी निवड व्हायच्या बेतात होती, तेव्हा मी तोंड उघडलं नाही. त्याची मला आजही लाज वाटते. धक्क्याची जागा बदलली, कोळीवाडा राहिला, साहेबांची बढती मात्र हुकली ती कायमची. दोन महिन्यांनी मी राजीनामा दिला, तर निरोपाला पेढे त्यांनीच आणले.

साहेब गेल्यावर झालेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात एक जुने सहकारी प्रेमानेच बोलले: साहेबांच्या हातून आयुष्यात एकच चूक झाली, तीही त्यांनी मोठ्या मनाने कबूल केली. निखिल मान खाली घालून ऐकत होता. मी तेव्हाही गप्पच राहिले…

गेल्या रविवारी वाघोलीला त्यांच्या घरी गेले. वहिनींनी चहा दिला आणि मी एकदाचं सगळं सांगून टाकलं. त्या जराही दचकल्या नाहीत. साहेबांनी त्याच दिवशी घरी येऊन त्यांना सांगितलं होतं. नवीन पोरगी आहे, कुणाजवळ बोलू नको, म्हणून बजावलंही होतं.

“मी मुलालाही बोलले नाही,” त्या म्हणाल्या. “पण निखिलला अजून वाटतं, बाबांच्याच हातून झालं. तेवढं तुम्ही सांगा.”

आतल्या खोलीत निखिल साहेबांच्या टेबलाशी काम करत बसला होता. लॅपटॉपशेजारी त्यांचा चष्मा उघडाच ठेवलेला होता, तो कुणी हलवलेला नव्हता. मला पाहून निखिल खुर्ची द्यायला उठला.

“बस,” मी म्हटलं. “तुझ्या बाबांनी ज्या अहवालावर सही केली होती, त्यातला आकडा माझा होता.”